वाफसा

मागच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, रिलीज नुकतंच प्रॉडक्शनला गेलेलं, टीममधले सगळे "चला, सुटलो एकदाचे" म्हणत लॅपटॉप मिटत होते आणि माझा फोन वाजला. मामांचा. मामा शेतकरी माणूस. त्यांचा फोन येतो तो सकाळी सहाला, संध्याकाळी साडेसातला कधीच नाही. पोटात गोळाच आला.

"कामात हाइस का?"

"नाही मामा, बोला."

"एक विचारायचं हुतं. तू शिकल्याला हाइस म्हणून..." आणि मग बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग एकदम आवाज खाली आणून (मामी आतल्या खोलीत असणार) त्यांनी विचारलं, "आपण तिचं ऑपरेशन केलं, म्हणून तर पसरलं न्हाई ना?"

मी म्हणालो, "छे छे मामा, काहीतरीच काय! तसं काही नसतं."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे उत्तर मी माहीत आहे म्हणून दिलेलं नव्हतं. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आम्ही क्लायंटला पहिल्या मिनिटाला "आमच्या कोडमध्ये काही प्रॉब्लेम नाही" असं सांगतो ना, अगदी तसं दिलं होतं. लॉग न बघता.

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे प्रश्नाचं वजन कळेल.

मामांचं गाव बार्शी तालुक्यात. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या. मामीच्या हातची शेंगाची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी खाऊन मी वाढलोय म्हटलं तरी चालेल. २०१८ मध्ये मामीच्या छातीत गाठ निघाली. सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सरच निघाला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू. आणि त्याच आठवड्यात गावातल्या, नात्यातल्या चार शहाण्यांनी मामांना गाठून सांगितलं, "गाठीला सुरी लावू नका, सुरी लागली की ती चवताळते. अमक्याच्या बायकोला आधी काय नव्हतं, कापलं आणि सहा महिन्यात सगळीकडं पसरलं."

मामा अडून बसले. दोन आठवडे गेले. शेवटी आईने मला फोन लावून दिला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे जगातलं सगळं कळतं असं वाटण्याच्या वयात. मी मामांना ठणकावून सांगितलं, "मामा, हा निव्वळ अडाणीपणा आहे. बिनधास्त करा ऑपरेशन." मामांनी सही केली. ऑपरेशन झालं, केमो झाली, मामीचे केस गेले आणि परत आले, रोजची एक हार्मोनची गोळी सुरू झाली. पाच वर्षं नीट गेली. पाच वर्षं झाली त्या दिवशी मामांनी पेढे वाटले. आणि २०२४ च्या पावसाळ्यात मामीची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं वाकून खुरपल्यामुळे असेल. मग मलम, मग गोळ्या, मग एक्स-रे, मग स्कॅन. कमरेच्या मणक्यात आणि खुब्याच्या हाडात तोच कॅन्सर.

तर प्रश्न नुसता मामांचा नव्हता. "बिनधास्त करा" म्हणणारा मी होतो.

मी काही डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. पण त्या शनिवार-रविवारी आणि नंतरच्या कित्येक रात्री मी एवढंच वाचत बसलो, की कॅन्सर पसरतो म्हणजे नक्की काय होतं. जे कळलं ते इथे मांडतोय. ही मामीच्या किंवा कुणाच्याही उपचारांबद्दलची सल्लामसलत नाही, तो सल्ला आपापल्या डॉक्टरांनाच विचारायचा.

सगळ्यात आधी माझ्या डोक्यातलं चित्र सांगतो. माझ्या डोक्यात कॅन्सर पसरणं म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये व्हायरस शिरणं. एक मशिन बाधित झालं, की वायर जिथे जिथे जाते तिथे तिथे तो जाणार. रक्तवाहिन्या म्हणजे वायरी. आणि ऑपरेशन म्हणजे त्या मशिनला लावलेला धक्का. हे चित्र अगदीच वेडगळ नाही बरं का. १८६९ मध्येच ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने कॅन्सरने मेलेल्या एका रुग्णाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि गाठीत होत्या तशाच पेशी त्याला रक्तात दिसल्या. म्हणजे प्रवास होतो हे नक्की. पुढे १९२० च्या दशकात जेम्स युइंग या मोठ्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने मांडलं की कॅन्सर कुठे जाणार हे रक्ताच्या वाटा ठरवतात. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून आतड्याचा कॅन्सर यकृतात. गणित साधं. वाट दाखवा, मुक्काम सांगतो.

पण त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने एक वेगळंच काम करून ठेवलं होतं. याने कुठलाही प्रयोग केला नाही. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी गोळा केल्या आणि कुठल्या अवयवात नवीन गाठी सापडल्या ते मोजत बसला. (डेटा अ‍ॅनालिसिस म्हणतात तो हाच. एक्सेल नव्हतं एवढंच.) यकृतात गाठी होत्या २४१ जणींच्या. प्लीहेत फक्त १७ जणींच्या. आता प्लीहेलाही रक्त भरपूर मिळतं. नुसता वाटेचाच प्रश्न असता, तर एवढा फरक पडायचं कारण नव्हतं. पॅजेटने 'लॅन्सेट' या साप्ताहिकात लिहिलं त्याचा मतितार्थ असा: झाड बिया चहूकडे उधळतं, पण बी उगवतं ते मानवेल अशा मातीतच. सगळे जण बियांचा अभ्यास करत बसलेत, मातीकडेही बघायला हवं.

बी आणि माती. एकोणिसाव्या शतकातला सर्जन शेतकऱ्याच्या भाषेत बोलत होता! पण युइंगच्या वाटांपुढे त्याची माती बरीच वर्षं मागे पडली.

ती पुन्हा वर काढली आयझाया फिडलर या माणसाने. हा मूळचा जनावरांचा डॉक्टर. १९७० मध्ये त्याचा एक शोधनिबंध आला. त्याने कॅन्सरच्या पेशींना किरणोत्सर्गी खूण लावली, त्या उंदरांच्या शिरेत टोचल्या आणि किती उरतात ते मोजलं. चोवीस तासांनी हजारात एक पेशीसुद्धा जिवंत उरली नव्हती. ज्यांच्यापासून पुढे खरोखर नवी गाठ झाली त्या तर दहा हजारात एकाहूनही कमी.

हे वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. माझ्या नेटवर्कवाल्या चित्राचे तिथेच तीनतेरा वाजले. रक्तात शिरलेली पेशी म्हणजे विजयी सैनिक नव्हे. रक्ताच्या धक्क्यांनी ती फुटते, प्रतिकारशक्तीच्या पेशी तिला खातात, बारीक केशवाहिनीत अडकून मरते. आणि एवढ्यातून जगली तरी नव्या जागी तिचं कुणी ओळखीचं नसतं.

१९८० मध्ये फिडलर आणि इयन हार्ट यांनी आणखी एक प्रयोग केला. मला तो फार आवडला, कारण आम्ही डीबगिंग करताना हेच करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांच्याकडची कॅन्सरची पेशी उंदराच्या फुफ्फुसात हमखास वाढायची, मूत्रपिंडात नाही. मग त्यांनी फुफ्फुसाचा तुकडा घेतला आणि उंदराच्या मांडीच्या स्नायूत बसवला. दुसऱ्या उंदरांत तसाच मूत्रपिंडाचा तुकडा. आणि पेशी शिरेत सोडल्या. मांडीतल्या फुफ्फुसाच्या तुकड्यात गाठी झाल्या, मांडीतल्या मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाही. जागा तीच, फरक फक्त मातीचा. सॉफ्टवेअरवाल्यांना पटकन कळेल, "माझ्या मशिनवर चालतं हो" म्हणून आपण जे रडगाणं गातो, तेच कॅन्सरच्या पेशीचंही आहे. जिथून निघाली तिथे ती मजेत चालत होती. दुसरीकडे तिला लागणाऱ्या लायब्रऱ्याच नाहीत.

उंदरांचं ठीक आहे, माणसाचं काय? याचं उत्तर १९८४ मध्ये ब्रिटनमधून आलं, आणि ते वाचताना अंगावर काटा आला. काही कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठून माणूस हैराण होतो. अशा रुग्णांना आराम पडावा म्हणून डॉक्टर पोटातून एक नळी थेट मानेच्या मोठ्या शिरेत जोडत. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असत. म्हणजे दिवसरात्र लाखो जिवंत कॅन्सर पेशी सरळ रक्तात! डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी अशा २९ रुग्णांचा अभ्यास केला. वाटेल की यांच्या अंगभर गाठींचा पूर आला असणार. तसं झालं नाही. काहींच्या शवविच्छेदनात बारीक, न वाढलेले ठिपके दिसले, काहींच्यात तेही नाहीत. अशा अवस्थेतल्या माणसांनी आपल्याला केवढी गोष्ट शिकवून ठेवली.

तर आपली भाषाच थोडी फसवते. मराठीत आपण तेल पसरतं म्हणतो, वणवा पसरतो म्हणतो, अफवा पसरते म्हणतो आणि कॅन्सरही पसरतो म्हणतो. पण तो तेलासारखा पसरत नाही. तो पेरला जातो, बहुतेक बी कुजून जातं, आणि क्वचित कुठे एखादं उगवतं. खरा प्रश्न "कुठे कुठे गेला?" हा नाहीच. "तिथेच का उगवला?" हा आहे.

वाटा खोट्या आहेत असं मात्र नाही. मामीच्या मणक्याचंच घ्या. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं असतं, त्यात झडपाच नसतात. त्यामुळे तिथलं रक्त दाबाप्रमाणे उलटसुलट कसंही वाहू शकतं, आणि फुफ्फुसात न जाता परस्पर मणक्यापर्यंत पोचता येतं. थोडक्यात, बायपास. म्हणजे वाट मणक्यापर्यंत नेऊन सोडते, पण पुढे जगवतं ते हाड.

आणि हाड कसं जगवतं ते तर भलतंच आहे. हाड म्हणजे दगड नव्हे. ते आयुष्यभर झिजवलं आणि बांधलं जात असतं, झिजवणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. स्तनाच्या कॅन्सरची पेशी हाडात पोचली की असे काही रेणू सोडते, ज्यांनी हाड झिजवणाऱ्या पेशी चेकाळतात. हाड विरघळतं. आणि हाडात साठवलेले वाढीचे घटक मोकळे होऊन कॅन्सरच्या पेशीलाच खुराक मिळतो. ती आणखी रेणू सोडते. चक्र चालू. इन्फिनिट लूप.

मामीला ठरावीक आठवड्यांनी एक सलाईन लावतात, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं. ते सुरू करण्याआधी डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं, तेव्हा मामा वैतागले होते, "दुखणं कमरंत आन् दात कशाला बगत्यात?" (या औषधाने क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो, म्हणून दात आधी नीट करून घेतात.) तेव्हा मीही फारसं लक्ष दिलं नव्हतं. आता कळलं की हे औषध त्या झिजवणाऱ्या पेशींना आवरतं. कॅन्सरला मारायची औषधं वेगळी चालू आहेतच. हे सलाईन त्या लूपमध्ये मध्येच ब्रेक टाकतं. मातीचं औषध! पॅजेटची कल्पना, १८८९ मधली, मामीच्या हातातल्या सुईतून थेंब थेंब जात होती आणि मी शेजारी बसून मोबाईलवर मेल बघत होतो.

आता मूळ प्रश्न. बी केव्हा उडालं?

इथे दोन गोष्टी सापडल्या. पहिली: २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंध आले, एक जर्मनीतल्या क्रिस्टॉफ क्लाईन यांच्या गटाचा, एक न्यूयॉर्कच्या हुलियो अगिर्रे-घिसो यांच्या गटाचा. उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यांना दिसलं की गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी, अगदी सुरुवातीलाच, काही पेशी निघून गेलेल्या असतात. लांबच्या गाठींपैकी बऱ्याचशा या आधीच निघालेल्या पेशींच्या. दुसरी: अशा पेशी हाडाच्या मगजात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात. २०१७ मध्ये जवळजवळ ६३ हजार स्त्रियांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास आला. सगळ्या मामीच्याच प्रकारच्या, हार्मोनच्या गोळ्यांची पाच वर्षं पूर्ण केलेल्या, तोवर ठणठणीत. तरी पुढच्या पंधरा वर्षांत काही जणींना लांब कुठेतरी तो परत आला. सुरुवातीची गाठ केवढी आणि काखेतल्या किती गाठींत पोचलेली, यावर तो धोका १३ पासून ४१ टक्क्यांपर्यंत. म्हणजे पाच वर्षांचे पेढे ही आपली समजूत. त्या पेशीला कुणी कॅलेंडर दिलेलं नसतं.

मला हायसं वाटलं. चला, ऑपरेशनच्या आधीच बी गेलं असणार. मामांना छातीठोकपणे सांगता येईल. गावी जायचं तिकीटही काढलं.

आणि जायच्या आदल्या रात्री, एक वाजता, तिसरीच गोष्ट सापडली. तीही लांब कुठली नाही, मुंबईतली.

टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत एक चाचणी केली. सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या १६०० स्त्रिया. सगळ्यांचं ऑपरेशन नेहमीसारखंच. फक्त निम्म्या जणींना, सुरी लावण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी, गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात ते, जगभरात वर्षानुवर्षं वापरलं जाणारं स्वस्त औषध. २०११ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये परिषदेत सांगितले गेले आणि २०२३ मध्ये छापून आले. पाच वर्षांनी, इंजेक्शन न दिलेल्यांत ८२.६ टक्के स्त्रिया कॅन्सरशिवाय होत्या, दिलेल्यांत ८६.६ टक्के. जिवंत होत्या ८६.४ टक्के आणि ९०.१ टक्के.

चार टक्के. शंभरात चौघी. यामागचा विचार असा, की ऑपरेशनच्या वेळी गाठीला धक्का बसतो तेव्हा पेशी बिथरतात, हलायला लागतात, आणि लिडोकेन पेशींवरची सोडियमची दारं बंद करून त्यांना तेवढा वेळ गप्प बसवतं.

म्हणजे... "सुरी लागली की चवताळते" म्हणणारे ते चार शहाणे अगदीच शंभर टक्के चूक नव्हते?

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ज्याला "निव्वळ अडाणीपणा" म्हणालो होतो, त्यात एक दाणा खरा होता. कापू नका हा त्यांचा निष्कर्ष चूकच होता, जीवघेणा चूक. इंजेक्शनशिवाय नुसतं ऑपरेशन आणि नेहमीचे उपचार झालेल्या शंभरातल्या ब्याऐंशीजणी पाच वर्षांनी कॅन्सरशिवाय होत्या, हाही याच चाचणीचा आकडा. पण ऑपरेशनचा तो क्षण अगदीच निरुपद्रवी नसावा, हेही खरं. आणि मामीचं ऑपरेशन २०१८ चं, निकाल २०२२ मधले. तेव्हा हे कुणाला माहीतच नव्हतं. कुणाची चूक म्हणायची?

मामांना हे सांगायचं का? न सांगणं किती सोपं होतं. उंदीर सांगायचे, ६३ हजार स्त्रिया सांगायच्या आणि मुंबई गाळायची. सकाळी एसटीत बसलो तरी ठरत नव्हतं.

दुपारी पोचलो. जेवणं झाल्यावर मामांबरोबर रानात गेलो. ज्वारीची पेरणी अडली होती. आदल्या दिवशी पाऊस झालेला, काळं रान चिखलाचं. मामांनी मूठभर माती उचलली, दाबून बघितली, टाकून दिली. "आजून वाफसा न्हाई. चार दिस तरी जात्याल."

बांधावर बसून मी त्यांना पॅजेटपासून सांगायला सुरुवात केली. ७३५ बायका, यकृत, प्लीहा, मांडीतलं फुफ्फुस. मला वाटलं होतं कंटाळतील. मामा मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हंजी बी पडलं तरी वाफसा लागतोच की."

मी पंधरा दिवस इंग्रजी वाचून जे समजून घेतलं, त्याला मामांकडे एक शब्द होता. फार ओलं नाही, फार कोरडं नाही, बी धरेल अशी मातीची नेमकी अवस्था. २००५ मध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांत हेच दाखवलं होतं. गाठीच्या इशाऱ्यावर हाडाच्या मगजातल्या काही पेशी पुढच्या अवयवात आधी जाऊन जागा तयार करतात, कॅन्सरच्या पेशी मागून येतात. म्हणजे हा बेटा स्वतःचा वाफसा स्वतःच करून घेतो. हे सांगितल्यावर मामांनी एक सणसणीत शिवी हासडली. ती इथे लिहीत नाही.

आणि मग मी मुंबईचंही सांगितलं. सगळं. चार टक्के, इंजेक्शन, २०१८, २०२२. "मामा, तुमचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. मी तेव्हा तसं म्हणालो ते चुकलंच. ऑपरेशनच्या वेळी थोडं बी सांडत असावं. मामीच्या बाबतीत ते तेव्हा सांडलं, का आधीच गेलेलं होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण ऑपरेशन केलं नसतं तर गाठ तिथेच बसून रोज बी टाकत राहिली असती."

मामा बराच वेळ गप्प. मग पायाजवळची हरळीची काडी उपटत म्हणाले, "हरळीचं आसंच आस्तंय. नांगरलं की काश्या तुटत्यात आन् रानभर हुत्यात. म्हणून काय नांगरायचं सोडत न्हाई कुनी. नांगरायचं आन् मागनं येचायचं."

"केमो म्हणजे ते वेचणंच होतं मामा."

"एखांदी ऱ्हातीच," मामा म्हणाले आणि उठले.

त्यांना बरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. मी सांगितलं ते बरोबर केलं का, हेही तेव्हा कळलं नाही.

रात्री जेवताना मामीनेच विषय काढला. तिला कसं कळलं कुणास ठाऊक, त्या घरात भिंतींना कान नाहीत, मामीला आहेत. भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्यांनी तुला फोन केला हुता न्हवं? ऑपरेशनचं विचारायला?" (भाकरी अजूनही तीच करते, उंच स्टूल घेऊन, ओट्यापाशी बसून. डॉक्टरांनी वाकायला आणि वजन उचलायला बंदी केलीय.)

मामा ताटात बघत राहिले.

"सा वर्सं झाली, हे मनातल्या मनात कुडत्यात, मी सही केली मी सही केली म्हणून," मामी म्हणाली. "आवं, सही तुमी केली. हो मी म्हणलं हुतं. डॉक्टरनं मला इचारलं हुतं आदी. गाठ माजी हुती. मला ती नको हुती आंगात. आन् त्या सा वर्सात मी लेकीचं लगीन केलं, नात बगितली. ते कोण मोजायचं?"

कुणीच काही बोललं नाही. मामी माझ्याकडे वळून म्हणाली, "तू खा. तुज्या त्या बियाचं उद्या सांग मला. ह्यांना निम्मं कळलं नसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामीला परत सगळं सांगितलं, पॅजेटपासून मुंबईपर्यंत. तिने तीन प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांची उत्तरं मला आली नाहीत. तिसरा होता, "ती इंजेक्शनं आता नव्या बायकांना देत्यात का?" मी म्हटलं, ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ज्यानं त्यानं विचारायला पाहिजे. "मग वरच्या आळीतल्या शालनला सांगते," ती म्हणाली. "तिची तारीक धरलीय पुडल्या आठवड्यात." आणि खरंच, चप्पल घालून, कमरेचा पट्टा आवळून, हळूहळू निघाली.

बाकी काय सांगू? मामीचं परवाचं स्कॅन आलंय. मणक्यातलं वाढलेलं नाही, कमीही झालेलं नाही. डॉक्टर याला "स्टेबल" म्हणतात. आमच्या धंद्यात स्टेबल म्हणजे फार चांगली गोष्ट असते, कुणी हात लावू नये अशी. पुढचं सलाईन अठरा तारखेला आहे, मी सुट्टी टाकलीय.

काल सकाळी सहाला मामांचा फोन आला. वेळेवर. म्हणाले, "वाफसा झाला. पेरून घेतलं सगळं."